पुरुष दोन

दुपारी अडीचला पुण्यात दाराची बेल वाजवणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाहीतर भूत. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत तर त्या वेळी वॉचमनसुद्धा खुर्चीत मान टाकून बसलेला असतो. म्हणून बेल वाजली तेव्हा मी आधी दुर्लक्षच केलं. पुन्हा वाजली. आठ्या घालून दार उघडलं, तर समोर एक मुलगा. तिशीच्या आतला, उंच, गळ्याभोवती तपकिरी मफलर. डोळे माझ्याकडे नव्हतेच. माझ्या खांद्यावरून ते आत, टेबलाकडे लागले होते.

"काय हवंय?"

तो बोलला नाही. खिशातून फोन काढून त्याने काहीतरी टाइप केलं आणि माझ्यापुढे धरलं.

'आत कोण बोलतंय?'

"माझा भाऊ," मी ठोकून दिलं. एकट्या राहणाऱ्या मुलीने दुसरं काय सांगायचं? आणि आतला आवाजही पुरुषाचाच होता, स्वच्छ, शांत. ग्रामपंचायतीचा धडा वाचत होता.

त्याने मान हलवली. पुन्हा टाइप केलं.

'नाही. तो मी आहे.'

मी दार त्याच्या तोंडावर लावलं. कडी घातली, साखळी लावली आणि पाठ टेकून उभी राहिले. आत आवाज चालूच होता. सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक… पहिल्यांदाच मला त्या आवाजाची भीती वाटली.

आता तो आवाज काय होता ते सांगते. मी शाळेच्या गाइडांची प्रुफं तपासते. डोळे फसतात, सुटलेली वेलांटी मनातल्या मनात लावून पुढे जातात. कान फसत नाहीत. म्हणून माझ्या भावाने, चेतनने, मला एक जुन्या धाटणीचा एडिटर बसवून दिला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, बाकी नटणंमुरडणं काही नाही. पण शिकवाल ते शिकणारा. मजकुरावर खूण करायची आणि एक कळ दाबायची. मग एडिटर तो मजकूर बाहेरच्या दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामच्या हाती देतो आणि त्याने जे केलं ते आपल्याला आणून देतो. एका कळीवर शब्द मोजून येतात, दुसरीवर याद्या अकारविल्हे लागून येतात. एफ-एटवर मजकूर कुणीतरी मोठ्याने वाचतं.

"एडिटर स्वतः काही करत नाही गं," चेतन म्हणाला होता. "तो नुसता निरोप्या आहे."

वाचणारा मराठी आवाज त्याने कुठल्याशा कॉलेजच्या प्रकल्पातून फुकट उतरवला होता. त्याला नाव नव्हतं. फाइलवर लिहिलं होतं 'पुरुष दोन'. मी त्याला दोनराव म्हणायचे.

दोनरावांचं वाचन बहुतेक वेळा रेल्वेच्या घोषणेसारखं असायचं, शब्दाला शब्द चिकटवलेलं. पण मधेच, हजारात एखादं वाक्य… कसं सांगू? एखादं वाक्य जिवंत यायचं. आधी श्वास घेतल्याचा आवाज, मग कुणीतरी खरोखर माझ्या शेजारी बसून बोलल्यासारखं. त्या वाक्यांच्या मागे लांबून ठक ठक ऐकू यायचं. मी स्पीकर बंद करून पाहिला, खिडकीतून डोकावून पाहिलं. आमच्याकडे कुणी काही ठोकत नव्हतं. एकदा सणांच्या धड्यात 'तिळगूळ घ्या, गोड बोला' असं वाक्य आलं. दोनरावांनी ते इतकं गोड म्हटलं की मी हसले, आणि वाक्य संपता संपता स्पीकरमधून एक मुलगीही हसली.

मी प्लग काढला. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

चेतनला फोन केला तर तो म्हणाला, "त्यात भुताटकी काय? त्या माणसाने काही हजार वाक्यं बोलून ठेवलीयेत. त्यांचे तुकडे करून प्रोग्राम नवीन वाक्यं शिवतो, गोधडीसारखी. पण तू दिलेलं वाक्य त्याने जसंच्या तसं बोललेलं असेल, तर तुकडे न करता अख्खं वाजवतो. श्वासासकट."

"आणि ती मुलगी?"

"असेल कुणीतरी खोलीत."

त्यानंतर मी काय करावं? घाबरून आवाज बदलावा. शहाण्या मुलीने तेच केलं असतं. मी मात्र जिवंत वाक्यं शोधायला लागले. काम बाजूला ठेवून उगाच काहीबाही टाइप करायचे. 'आज फार थंडी आहे.' मेलेलं. 'चहा टाकू का?' मेलेलं. 'जेवलीस का?' — आणि ते आलं, श्वास घेऊन, काळजीने, माझ्या कानाशी. मी टेबलाशी बसून चक्क "हो" म्हटलं. आईला सांगितलं असतं तर तिने हडपसरहून पहिली बस पकडली असती.

तर दाराबाहेर उभा होता तो हा. थोड्या वेळाने पुन्हा बेल वाजली, आणि या वेळी आवाजही आला, दुसऱ्या मजल्यावरच्या मंदाकिनी काकूंचा.

"अहो, दार उघडा. माझा भाचा आहे, दरोडेखोर नाही. ही बेल वाजवायची वेळ नव्हे, हे मी त्याला सांगितलंय."

दार उघडलं. काकूंच्या हातात तिळगुळाची वाटी. संक्रांत होती त्या दिवशी. आमच्याकडे संक्रांत करत नाहीत, पण तिळगूळ कोण नाकारतं? जिन्यातून चढताना म्हणे त्याला वरून 'तिळगूळ घ्या, गोड बोला' ऐकू आलं होतं, त्याच्याच आवाजात. दर वर्षी तो धडा नव्याने छापतात, त्यामुळे ते प्रूफ पुन्हा माझ्याकडे आलं होतं. तो पायरीवर कठड्याला धरून उभा राहिला होता.

"हा शौनक. घशात गाठ झाली होती," काकू म्हणाल्या. "गाठ काढली, तिच्याबरोबर आवाजही गेला. ऑपरेशनच्या आधी याने तो रेकॉर्ड करून ठेवला होता. तो तुमच्याकडे कसा आला, हे तुम्हीच सांगा."

मी चेतनने सांगितलेलं सगळं सांगितलं. मी घाबरले की फार बोलते, आणि घाबरले नाही तरी फार बोलते. तो दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. मी थांबले तेव्हा त्याच्या मफलरखालून हलकासा श्वास ऐकू आला, आणि मी दचकले. हा तोच श्वास वाटला. जिवंत वाक्यांच्या आधी येणारा नव्हे, पण त्याचा सख्खा भाऊ.

त्याने फोन पुढे केला. 'रेकॉर्डिंग करणाऱ्या कॉलेजच्या फॉर्मवर न वाचता सही केली होती. सगळ्यांसाठी खुला, असं लिहिलं असणार. चूक माझी. पुरुष एक कोण आहे?'

"कुणी कीर्तनकार बुवांसारखा वाटतो. मला नाही आवडला."

त्याचे खांदे हलले. आवाज नाही, काही नाही, नुसते खांदे. तो हसत होता हे कळायला मला क्षण लागला.

त्यानंतर दर आठवड्याला मंदाकिनी काकूंची तब्येत बघायला यायची त्याला अचानक गरज वाटू लागली. काकूंची तब्येत ठणठणीत होती. तो कसब्यात तांबट आळीच्या मागे राहायचा, घरबसल्या नकाशे काढायचं काम करायचा. ठक ठक तिथलीच, शेजारी तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची. हे त्याने मला सांगितलं तेव्हा माझ्या मनातलं एक भूत कमी झालं. मुलीबद्दल मी विचारलं नाही.

तो माझ्या टेबलाशी बसायचा, मी शेजारी स्टुलावर. फोनवर अंगठ्याने लिहायचा त्याला कंटाळा, म्हणून तो माझ्याच एडिटरमध्ये टाइप करायचा आणि मी वाचून तोंडाने उत्तर द्यायचे. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, ही बाई काँप्युटरशी भांडते आहे.

'टाइप करायला "तुम्ही" लांब पडतं. मी तू म्हणतो.'

"आळशी आहात."

'तूही म्हण.'

"मला बोलायला काही लांब पडत नाही."

'ते दिसतंय. मघापासून तू एकटी बोलते आहेस.'

"मग उठून जा ना."

तो गेला नाही. चहा उतू गेला, त्याचा वास घरभर झाला, आणि आम्ही दोघंही तो पुसायला उठलो नाही.

एक गोष्ट त्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवली होती. 'मी लिहिलेलं तू वाच. एफ-एट दाबू नकोस.' का, ते मी विचारलं.  त्याने लिहिलं, 'ऑपरेशननंतर मी त्याच्याकडून बोलून घ्यायचो. लॅपटॉप घेऊन फिरायचो. सगळे लॅपटॉपकडे बघायचे. त्याच्याकडे बघून हसायचे, त्यालाच उत्तर द्यायचे. मी शेजारी उभा असायचो, दुसऱ्याच्या लग्नात आल्यासारखा. म्हणून बंद केलं.'

मी शब्द दिला. मनापासून दिला. पण तो गेला की दाराची कडी लावून मी काय करायचे, तेही सांगते. दोनरावांना उठवायचे. माणूस आत्ताच जिना उतरलाय, त्याची खुर्ची अजून कोमट आहे, आणि मी त्याच्या गेलेल्या आवाजाकडून 'जेवलीस का' म्हणवून घेते आहे. एकदा, दोनदा, पुन्हा. दर वेळी तोच श्वास, तीच काळजी, केसाचाही फरक नाही. जिवंत माणूस तीच गोष्ट दोनदा सारखी बोलत नाही. हे मला जाणवायचं, तरी बोट कळीवर जायचं.

फेब्रुवारीतली एक दुपार. थंडी सरली होती, उन्हात नुसतं बसून राहावंसं वाटत होतं. सोसायटी झोपलेली. तो माझ्याकडे पाहत होता. मी इतिहासाचं प्रूफ चाळायचं नाटक करत होते. मग त्याने कीबोर्ड ओढला, एक ओळ लिहिली आणि पटकन खिडकीकडे तोंड केलं. कान लाल झाले होते.

'मला इथून उठावंसंच वाटत नाही.'

मी वाचलं.  आणि मग माझ्या हाताने ते केलं. माझ्या मनाने नाही हो, हाताने. गेली दोन वर्षं मी एकही ओळ ऐकल्याशिवाय खरी मानलेली नाही. ओळ आली की खूण, खूण झाली की कळ. प्रुफं तपासणाऱ्या बाईचा हात आहे तो, त्याला प्रेमातलं काय कळतं?

श्वास ऐकू आला.

"मला इथून उठावंसंच वाटत नाही," स्पीकर म्हणाला. अख्खं. जिवंत. लाडात, थोडं हसत. मागे ठक ठक. आणि शेवटी ती मुलगी हसली, अगदी जवळून, त्याच्या खांद्यावर डोकं असल्यासारखी.

खोलीत आम्ही तिघं… चौघं होतो. शौनकचा चेहरा पांढराफटक पडला. मला दिसलं की त्याला आठवत नव्हतं. हे वाक्य आपण कधी बोललो होतो, हे तो विसरून गेला होता. मनापासून माझ्यासाठी म्हणून लिहिलं, आणि यंत्राने साक्ष दिली की हे आधी दुसरीला बोलून झालंय.

त्या क्षणी मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ.

"वा," मी म्हटलं. "म्हणजे हे वापरलेलं आहे तर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग कीबोर्डकडे वळला.

'तिचं नाव स्वराली. रेकॉर्डिंगला शेजारी बसायची. रोजची वाक्यंही बोलून ठेव म्हणायची. आवाज गेल्यावर महिनाभर थांबली. ती वाईट नव्हती. तिचा जीव ज्याच्यावर होता, तो उरलाच नव्हता.'

आणि खाली अजून एक ओळ.

'तुझाही त्याच्यावरच आहे. माझ्यावर नाही.'

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण 'जेवलीस का' आठवलं, कडी लावलेलं दार आठवलं, आणि खोटं बोलता येईना. तो उठला. मफलर नीट केला. जिन्यावर त्याची पावलं ऐकू आली आणि मग तीही नाही.

तो परत आला नाही. मेसेज केले, उत्तर नाही. मंदाकिनी काकू जिन्यात भेटल्या. "माझी तब्येत आता कुणी बघायला येत नाही," एवढंच म्हणाल्या आणि पिशवी घेऊन खाली गेल्या.

आईने फोनवर ओळखलं. "कोण आहे?"

"आहे एक. बोलत नाही तो."

"भांडण झालंय?"

"नाही गं. म्हणजे हो. पण त्याला बोलताच येत नाही."

 "तुझ्यासमोर आपल्याकडे तरी कुणाला बोलता येतं?" आई म्हणाली. "माणूस कसाय ते सांग."

मी सांगायला लागले. त्याचे खांदे कसे हलतात. चिडला की कीबोर्डवर बोटं कशी आपटतो. मफलरखालचा श्वास, जिना चढून आल्यावर जोरात आणि मग हळूहळू निवत जाणारा. चहात बिस्कीट बुडवलं की ते नेहमी तुटतं आणि तो नेहमी चकित होतो. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी एवढं सगळं सांगितलं आणि त्यात आवाज कुठेच आला नाही.

मी टेबलाकडे पाहिलं. दोनराव तिथेच होते. एका बोटाच्या अंतरावर, कधीही, कितीही वेळा. आवाज घरात होता, आणि घर रिकामं होतं. त्या दिवसांत मी जितकी रडले तितकी आठवीत नापास झाले तेव्हाही रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो आवाज काढून टाकला. कचऱ्यातूनही काढला. जाताना काही ऐकू वगैरे आलं नाही. पण त्यानंतर एफ-एट दाबलं तेव्हा एडिटरने सवयीने मजकूर उचलला, बाहेर नेला, आणि घ्यायला कुणी नाही म्हणून तसाच परत आणून ठेवला. खोलीत इतकी शांतता झाली की मी उठून चपला घातल्या.

कसब्यात गाडी लावायला जागा मिळणं हा पूर्वजन्मीच्या पुण्याचा भाग. मी लांब कुठेतरी लावून, काकूंकडून घेतलेल्या पत्त्यावर चालत गेले. तांबट आळी आली आणि ठक ठक सुरू झाली, आणि माझे पाय थबकले. इतके दिवस स्पीकरमधून, लांबून ऐकलेली ती आता डावीउजवीकडून येत होती. त्या रेकॉर्डिंगच्या आत शिरल्यासारखं वाटत होतं. आता पुढच्या वळणावर तो श्वास ऐकू येईल आणि ती मुलगी हसेल, अशी धाकधूक घेऊन मी त्याच्या दारापर्यंत गेले.

दार त्यानेच उघडलं. मला पाहून बाजूला झाला नाही, दार लावलंही नाही.

"मी त्याला काढून टाकलं," मी एका दमात म्हटलं. "तुझं खरं होतं. माझा जीव होता त्याच्यावर. पण तू यायचा बंद झालास तेव्हा तो होताच की घरात. तो होता आणि मला करमत नव्हतं. मला तू पाहिजेस. बोलणारा नको, तू. वापरलेलं म्हटलं, तेही चुकलं. वाक्यं काय कुणाच्या मालकीची असतात? बस. झालं माझं."

त्याने खिशातून फोन काढला.

'मला न विचारता मला काढून टाकलंस?'

मला हसावं की रडावं कळेना. तो वळून आत गेला. दार उघडंच होतं, म्हणून मीही गेले. खिडकीशी टेबल, त्यावर नकाशे आणि लॅपटॉप. त्याने लॅपटॉप उघडला, पूर्वी बरोबर घेऊन फिरायचा तो. माझ्याकडच्यासारखाच काळा पडदा. तो लिहायला लागला आणि खोडायला लागला. लिही, खोड. लिही, खोड. मी पडद्याकडे पाहू नये म्हणून त्याने हात आडवा धरला होता.

मग त्याने खूण केली आणि स्वतः कळ दाबली.

"कल्… याणी," आवाज म्हणाला.

माझं नाव त्याने रेकॉर्डिंगच्या वेळी कधी उच्चारलंच नव्हतं. मी त्याच्या आयुष्यात नव्हते. इकडचा एक तुकडा, तिकडचा एक तुकडा, मधे फट. श्वास नाही, ठक ठक नाही, हसणारं कुणी नाही. रेल्वेची घोषणा.

"तुझी. बड… बड. मला. जन्म… भर. ऐकायची आहे."

माझे डोळे सवयीने टेबलाकडे निघाले होते. मी ते वळवले आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. तो स्वतःही ते म्हणत होता, निःशब्द, आणि आवाज त्याच्या ओठांच्या किंचित मागून टेबलावरून येत होता.  पण त्या ओठांवर एकही शब्द तुटत नव्हता. तिथे ते वाक्य सलग होतं, पहिल्यांदाच बोललं जात होतं, आणि बोलताना ते थरथरत होते.

मला उत्तर द्यायचं होतं. जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही.  'हो' म्हणून नुसते ओठ हलले.

त्याने ते वाचलं, आणि लॅपटॉप मिटून टाकला.